समाधानकारक

"पानं वाढून झाली का?" असं मैदानाच्या कडेला उकिडवा बसलेला माणूस ओरडला, तर तुम्ही जेवणावळ शोधाल. मीही शोधली होती. ओरडणारे आमच्या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवणारे मास्तर होते. त्यांचा नियम असा, की चेंडू पाचही जणींच्या हाताला लागल्याशिवाय बास्केटकडे फेकायचा नाही. पंगतीत शेवटच्या पानावर भात पडल्याशिवाय कुणी घास उचलतं का?

मास्तर पाचोडचे. दुष्काळाची वर्षं, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि शहर मात्र जालना रोडनं सुसाट वाढत चाललेलं. कॉलेजात दुचाक्या मावेनात, म्हणून संस्थेचा त्या मैदानावर डोळा. मोडलेला संघ मास्तरांनी तीन वर्षांत उभा केला की नाही, यावर त्यांची नोकरी आणि मैदान दोन्ही ठरणार होतं. ते पाहून शेरा लिहायला प्राचार्यांनी मला धाडलं. मी मराठीचा प्राध्यापक. खेळाशी माझा संबंध 'खेळखंडोबा' या शब्दापुरता.

पंधरा दिवस रोज संध्याकाळी जाऊन बसलो. प्रत्येक मुलगी घरून भाजी धुतलेल्या पाण्याची बाटली आणायची. ते मुरमावर शिंपडून धूळ बसली की मग खेळ.

"मास्तर, मैदानाला मेथीचा वास येतोय."

"व्हय सर. काल पालक व्हता," ते गंभीरपणे म्हणाले.

"पण तुम्ही हरता फार."

"लई हरतो. पयल्या वर्षी पाच जणी जमतच नव्हत्या. पंगत बसावी कशी?"

करमाडहून बसनं येणारी एक मुलगी होती. चेंडू आला की हात पाठीशी लपवायची. मी वैतागून म्हणालो, "हिला काढा, जिंकाल."

"न जेवता उठवू व्हय सर तिला?"

मी पुन्हा चेंडू कुणाकुणाच्या हाताला लागतो ते मोजू लागलो.

शेवटचा सामना लष्करी छावणीच्या मैदानावर होता. आम्ही एका गुणानं मागं, वेळ संपत आलेली, चेंडू चौथ्या मुलीच्या हातात. "अगं, फेक की," मी ओरडलो. तिनं तो करमाडच्या मुलीकडे दिला. त्या पोरीनं हात पुढं केले, चेंडू घेतला, फेकला. थेट जाळीत पडला. शिट्टी मात्र तिनं फेकण्याआधीच वाजली होती. हरलो, आणि मी खुळ्यासारखा उभा राहून टाळ्या वाजवत होतो. मास्तर बसल्या जागेवरूनच म्हणाले, "झाली पंगत."

घरी येऊन मनापासून शेरा लिहिला, 'काम समाधानकारक.' चांगला तोलूनमापून निवडलेला शब्द. समाधानाहून मोठं माणसाला मिळतं तरी काय? पण कचेरीत शेऱ्यांची उतरंड असते. अत्युत्तम, उत्तम, चांगले, आणि ज्याला घालवायचं तो समाधानकारक. हेडक्लार्कनं मला हे समजावलं, तोवर मास्तरांच्या हाती नारळ पडला होता. प्राचार्यांकडे धावलो, शब्दाची फोड करून सांगितली. ते म्हणाले, "सर, पार्किंगचे पट्टे आखायला माणसं सांगून झालीत."

मास्तरांना भेटायला मैदानावर गेलो. लाज वाटत होती, अजून वाटते. जन्मभर शब्द शिकवले आणि एका शब्दानं त्या माणसाचं मैदान घालवलं. ते पिशवी भरत होते. मी अडखळत सगळं सांगितलं.

"समाधान झालं व्हतं का तुमचं? खरंखुरं?"

"झालं होतं हो."

"मग खोटं नाय लिवलं तुमी."

पिशवीतून चेंडू काढून त्यांनी माझ्याकडे टाकला. मी कसाबसा झेलला.

"घ्या. पंधरा दिवस बसलात, तुमचाच हात राहिला व्हता."

आणि ते पाचोडची बस गाठायला निघून गेले. मेथीचा वास अजून येत होता. आता आपली पाळी, म्हणून मी चेंडू फेकायला वर पाहिलं, तर बास्केटची कडी शिपायानं सकाळीच उतरवून नेली होती.