पत्र्याची नवी सून

आमच्या थोरल्या साडूंइतका कोंबड्यांचा स्वभाव ओळखणारा माणूस सेलूतच काय, अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नसेल. जिनिंगमध्ये फिटर होते. ड्यूटी सुटली की अंगावरचा कापूसही न झटकता वही घेऊन कोंबड्यांपुढे बसत. कोणी कोणाला टोचलं, दाण्यावर आधी कोण आलं, सगळं लिहीत. कोंबड्यांची नावं थोरली जाऊ, मधली, धाकटी अशी. माणसांतही ही सवय सुटत नसे. मेव्हण्याच्या लग्नात जावयांच्या पंगतीजवळ वही काढून उभे राहिले. सासऱ्यांनी हटकलं तर म्हणाले, "मामा, तुमी पयलं कोनाकडं बघून 'बसा' म्हनता, ते लिहायलोय." सासरे त्या दिवशी कोणालाच बसा म्हणाले नाहीत.

ती नामांतराची वर्षं. हॉटेलात कोण कोणत्या बाकावर बसतो, यावर गावाचं बारीक लक्ष असे. साडूंचं कोंबड्यांवर. नवी कोंबडी आली की सगळ्या तिला टोचतात, पळाली तर जास्तच टोचतात. आणि पळालीच नाही तर? हे बघायला त्यांनी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची कोंबडी केली. पोटात टेपरेकॉर्डरची मोटर आणि चार सेल, अंगावर खरी पिसं. वायरच्या टोकाचं बटण दाबलं की ती चाकांवर पुढे सरके आणि मान खाली घालून दाणे टिपल्यासारखं करी. नाव ठेवलं नवी सून. पहिल्या दिवशी थोरलीनं तिला असं झोडपलं की घरातल्या बायका कळवळल्या. तिसऱ्या दिवशी थोरली कंटाळली. मग जिला कधी पोटभर दाणा मिळाला नव्हता ती धाकटी सुनेच्या आडोशाला उभी राहून खाऊ लागली. मी शेजारीच राहायचो. साडू भिंतीवरून ओरडले, "पाहुणे, या की लौकर! धाकटी जेवायली!"

हे कानावर गेल्यावर परभणीहून कुक्कुटपालनाचे एक साहेब आले. खात्री पटली तर साडूंची वही छापायला देणार होते. अंगण माणसांनी भरलं. साडू इस्त्रीचा शर्ट घालून बटण दाबत राहिले. सुनेनं एकदा मान खाली घातली ती वर काढलीच नाही. कोणीतरी ओरडलं, "फिटर, अंड्यावर बसवा तिला!" साहेब हसून हसून चहा पिऊन गेले. साडू मला हळूच म्हणाले, "सेल बदलायचं ऱ्हाऊन गेलं वाटतं. माजीच चूक." मी म्हणालो, "व्हतं असं." त्यांनी वही पुन्हा कधी उघडली नाही.

ही गोष्ट मी लग्नाकार्यात हसवायला म्हणून सांगत आलो. खरं कधी सांगितलं नाही. त्या दुपारी क्रिकेटची मॅच होती, माझ्या ट्रान्झिस्टरचे सेल ऐन वेळी संपले आणि मी सुनेच्या पोटातले नवे काढून माझे जुने तिथे घातले. साहेब येईपर्यंत परत बदलू म्हटलं होतं. ऐकत बसलो. तर आता लिहून ठेवतो: कोंबडी चालत होती. धाकटी तिच्या आडोशाला जेवत होती. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

साडू जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी हे सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ताटातला खडा काढून बाजूला टाकत म्हणाल्या, "मंग मॅच कोन जिंकलं व्हतं, पाहुणे?"

मी खूप आठवून पाहिलं. मला आठवेना.