क्लचचा सेफ्टी स्विच पुन्हा डायरेक्ट

१. सकाळी चामोर्शीजवळच्या रोपवाटिकेतला जुना मिनी ट्रॅक्टर किल्ली फिरवूनही सुरू होत नव्हता. मी इग्निशन स्विचची जळलेली वायर बदलली.
२. मग तो क्लच न दाबताही सुरू झाला. क्लच दाबल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा सेफ्टी स्विच वगळून त्याच्या दोन वायरी थेट एकमेकींना जोडल्या होत्या. मी त्या स्विचला लावल्या.
३. दुपारी मालकांनी दुसऱ्या मिस्त्रीकडून त्या परत डायरेक्ट करून घेतल्या.

ट्रॅक्टरसमोर बसून बाया रोपांच्या पिशव्या भरतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना किल्ली फिरली तर तो त्यांच्या अंगावर जाईल, असं मी सांगितलं.

मालक हसले. "काऊन भेवता म्याडम? आजवरी गेला काय कोनाच्या आंगावर?"

मालक भाऊ, तुम्ही या ग्रुपवर आहात. सोमवारी बाया कामावर येतील. स्विच जोडणार की नाही, रविवारपर्यंत इथेच लिहा.