दहा डोकी आणि मेझर थिअरी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गणितातला एक पेपर आपल्या आवडीने निवडायचा होता. आवड म्हणजे काय, तर दोनच विषय होते: ग्राफ थिअरी आणि मेझर थिअरी. ग्राफ थिअरीचे सर इतके गरीब, की तासाला कुणी डबा उघडला तर वास जायला स्वतःच खिडकी उघडायचे. मेझर थिअरीच्या मॅडमना मात्र अख्खं अंधेरीचं कॉलेज टरकून असायचं. मॅडम कधी ओरडायच्या नाहीत. उत्तर दिलं की त्या शांतपणे विचारायच्या, “का?” आणि मग थांबायच्या. बेल होईपर्यंत थांबायची त्यांची तयारी असायची.

माझ्या बाकावर वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली एक मुलगी बसायची. तिची आई बाजारात मासे विकायची आणि आईचा आवाज लेकीत जसाच्या तसा उतरला होता. आम्ही दोघींनी ठरवलं, की विषय घ्यायचा तर नीट चौकशी करून. आधी लायब्ररीत जाऊन दोन्ही पुस्तकं हातात घेतली. मेझर थिअरीचं पुस्तक निम्म्याने पातळ निघालं.

“झकास!” ती म्हणाली. “हेच घेऊया.”

मी ते मधूनच उघडलं. गणिताचं पुस्तक, पण आकडे फक्त पानांच्या कोपऱ्यात. आम्ही ते गुपचूप कपाटात परत ठेवलं.

मग जुहूला पाणीपुरी खाऊ घालून एका सीनियरला विचारलं. “ग्राफ थिअरी एकदम सोपी,” तो म्हणाला. “ठिपके आणि रेघा. रांगोळी येते ना? झालं मग.”

“आणि मेझर?”

त्याने तोंडाशी नेलेली पुरी खाली ठेवली. “कशाला?” एवढंच म्हणाला.

घरी, दिंडोशीला, जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एरवी शुद्ध बोलायचे, पण सल्ला द्यायची वेळ आली की मालवणीत उतरायचे. “कठीण असा ताच घे गो,” ते म्हणाले. “सोपा काय, ता घराक बसान पण वाचूक येता. मगे कॉलेजात कित्याक जातंस?”

“नापास झाले तर?”

“मगे सोपा घे,” म्हणाले आणि आणखी भात वाढून घेतला.

पहिला आठवडा दोन्ही वर्गांत बसून बघायची मुभा होती. ग्राफ थिअरीला अर्धा वर्ग आलेखाच्या वह्या घेऊन आला होता. सरांना वाईट वाटलं. या विषयातला ग्राफ वेगळा, त्याला चौकटीचा कागद लागत नाही, असं त्यांनी समजावलं आणि वर म्हणाले, “पण आणल्यात तर वापरा, वाया नको.” ठिपके, रेघा, सगळं गोड होतं. आमचं ठरल्यात जमा होतं.

मग केवळ उपचार म्हणून मॅडमच्या तासाला गेलो. वर्गात आम्ही दोघीच. मॅडमनी फळ्यावर शून्य ते एक अशी रेघ ओढली. “हिच्यावर अपूर्णांक किती?”

“अनंत,” मी म्हणाले.

“त्या सगळ्यांची मिळून लांबी किती?”

मी वहीत बेरीज मांडायला घेतली. मॅडम म्हणाल्या, “शून्य.”

“असं कसं शून्य?” माझी मैत्रीण उभीच राहिली. “एवढे सगळे आहेत ना तिथे, दिसतायत! त्यांची लांबी गेली कुठे?”

मॅडमच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू बघितलं. एका अपूर्णांकावर छोटीशी चिंधी टाकायची, दुसऱ्यावर तिच्या निम्मी, तिसऱ्यावर तिच्याही निम्मी. सगळे झाकले जातात आणि एकूण कापड लागतं पहिल्या चिंधीच्या दुप्पट. आता पहिली चिंधी हवी तेवढी लहान घ्या, म्हणजे एकूण कापडही हवं तेवढं लहान. हे सांगून त्या खडू झटकत निघून गेल्या.

बाहेर पडल्यापासून बसस्टॉपपर्यंत मैत्रीण भांडत होती. माझ्याशी, कारण मॅडम हाताशी नव्हत्या. दुसऱ्या दिवशी येताच म्हणाली, “बरोबर आहे यार त्यांचं. पण मला पटलेलं नाही. आपण हाच घ्यायचा.”

“आपण?”

“मग मी एकटी भांडू काय?”

ऑफिसात कळलं, यंदापासून निदान दहा डोकी असतील तरच वर्ग चालेल. मग तिने बाजार मांडला. खोटं एक अक्षर बोलली नाही. फक्त ज्याला जे हवं ते दाखवलं. उकाड्याने हैराण झालेल्याला सांगितलं, तिथला एसी चालू आहे. उशिरा उठणारीला सांगितलं, तास अकराचा आहे. क्रिकेटवाल्याला सांगितलं, मॅडम हजेरी घेत नाहीत. बाकीच्यांना पातळ पुस्तक दाखवलं, मिटलेलं. बघता बघता अकरा जण झाले.

पहिल्या दिवशी मॅडम दारातच थबकल्या आणि वर्गाचा नंबर वाचून आल्या.

महिन्याभरात सगळ्यांची वाट लागली. विषय बदलायची मुदत टळून गेली होती, त्यामुळे जमाव कँटीनमध्ये मैत्रिणीला घेरायचा. “तू आणलंस ना? मग आता शिकव!” ती बिचारी घरून वाचून यायची आणि “अरे, साधं आहे रे!” असं खच्चून ओरडत टेबलावर सांडलेल्या चहात बोटाने रेघा ओढायची. क्रिकेटवाला तर तासांपेक्षा कँटीनलाच जास्त हजर असायचा.

नापास कुणीच झालं नाही. मी मधल्या फळीत सुटले. पहिला आला तो एसीसाठी आलेला. मैत्रीण दुसरी आली आणि कितीतरी दिवस धुमसत होती, “थंड हवा खायला आला होता तो!” पुढे पवईला एम.एस्सी.ला तिला प्रवेश मिळाला आणि योगायोगाने त्यालाही. तिथेही त्यांचं जोरात भांडण चालतं असं ऐकते.

परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला मॅडमनी खडू खाली ठेवून विचारलं होतं, “एक सांगा. इतक्या वर्षांत या पेपरला एवढी मुलं कधी आली नाहीत. तुम्ही हा का घेतलात?”

मॅडम त्यांच्या सवयीने थांबल्या. तेव्हा एकेकाने खरं सांगून टाकलं: एसी, झोप, हजेरी, पातळ पुस्तक. माझी मैत्रीण बाकाखाली काहीतरी शोधत बसली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग पर्स उचलत म्हणाल्या, “मी घेतला तेव्हा दुसऱ्या विषयाचा वर्ग चौथ्या मजल्यावर भरायचा. आणि आमच्या कॉलेजला लिफ्ट नव्हती.”