रिक्षावरून किसनरावांचाच प्रचार

मी माइकसमोर तिसऱ्यांदा घाबरले, तरी राजाभाऊंचं समाधान होईना. "मॅडम, आजून भेलं पाहिजे," ते काचेपलीकडून म्हणाले. "तुमी भेल्या तर गाव भेईल."

हिंगोलीत माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. दुकानांच्या जाहिराती आणि निवडणुकीत रिक्षावर वाजणारा प्रचार मी लिहिते आणि स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करते. माझा आवाज गोड आहे, असं घरचे सोडून सगळे म्हणतात.

ही क्लिप प्रभाताईंची होती. आखाडा बाळापूरकडच्या सर्कलमधून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या गटातून, त्या उभ्या होत्या. त्यांच्या बचत गटातल्या बाया हळद घरातच ठेवतात. तिला ओल लागते, मग मिळेल त्या भावाने विकावी लागते. त्यांच्यासाठी गोदाम बांधायचं, एवढ्या एका कामासाठी ताई राजकारणात आल्या होत्या. जागासुद्धा बघून ठेवली होती. आधी मी त्यावर क्लिप केली आणि खाली बासरीचा बेड टाकला. बेड म्हणजे बोलण्याखाली अंथरलेलं संगीत. ताईंनी ती दोनदा ऐकली आणि चक्क लाजल्या.

राजाभाऊ पक्षाचे प्रचारप्रमुख. त्यांनी क्लिप अर्ध्यातच थांबवली. "गोदामाला कोण भेतंय? मानूस भेल्याबिगर मतदानाला घराबाहेर निघत न्हाई."

मग त्यांनी स्वतः स्क्रिप्ट लिहून आणली. समोरचे उमेदवार किसनराव. 'किसनराव आले तर आठवडी बाजार राहील का? किसनराव आले तर तुमचं पाल कुठं लागेल?' पाल म्हणजे बाजारातलं ताडपत्रीचं दुकान. प्रश्नचिन्ह टाकलं की कोणाला आक्षेप घेता येत नाही, असा त्यांचा कायद्याचा अभ्यास होता. खाली भुताच्या सिनेमातलं संगीत हवं होतं. मधूनच एक कुत्रं रडायला हवं होतं.

बाजार हलवायचं किसनराव कधी बोलले, मी विचारलं.

"हलवनार न्हाई, आसं तरी कधी बोलले?"

मी धंद्यातली अडचण सांगितली. चालत्या रिक्षातून एका घराला जेमतेम एखादं वाक्य ऐकू येतं. म्हणून आम्ही प्रत्येक वाक्यात उमेदवाराचं नाव घालतो. इथे प्रत्येक वाक्यात किसनराव होते. ताई अगदी शेवटी, म्हणजे रिक्षा कोपऱ्यावरून वळल्यावर. राजाभाऊ म्हणाले, बदनामी होतेय ना, मग झालं. पक्षाचं ऐकावं लागतं, एवढंच ताई हळूच म्हणाल्या. मला राग आला, पण ग्राहक सांगेल ते रेकॉर्ड करायचं हा आमचा नियम. मी चौथ्यांदा घाबरले. कुत्रं रडलं.

क्लिप जोरात चालली. इतकी, की दोन-तीन दिवसांत प्रचाराची रिक्षा चालवणारे गफूरभाई स्टुडिओत आले.

"मॅडम, लोकं रिक्षा थांबवून इचारून राहिले, किसनरावाचं घर कुठं हाय म्हणून."

"मग तुम्ही काय केलं?"

"दाखवलं. रस्त्यातच हाय."

बाजारात पाल लावणारे भाजीवाले, चप्पलवाले, बांगडीवाल्या, सगळे नारळ घेऊन किसनरावांकडे गेले. बाजार हलवू नका, आम्ही तुमच्यासोबत आहोत, असं सांगून आले. ज्याच्या हातात बाजार आहे असं दिवसभर कानावर आदळतं, त्याच्या वाकड्यात कोण जाईल? बाजाराचा विषय किसनरावांना माहीतच नव्हता. आधी ते गोंधळले म्हणे. मग गंभीर चेहरा करून त्यांनी थोडा विचार केला आणि मोठ्या मनाने शब्द दिला.

ते आरामात निवडून आले.

आभाराची क्लिप करायला ते माझ्याकडेच आले. बाजार वाचवल्याचा उल्लेख ठळक हवा होता. सोबत राजाभाऊ होते, पक्ष बदलून. माणूस अनुभवी आहे, असं किसनराव कौतुकाने म्हणाले. खरंच आहे. किसनरावांना निवडून आणण्याचा एवढा अनुभव त्यांच्या घरच्यांनाही नव्हता.

पुढे काही दिवसांनी प्रभाताई आल्या. हरल्याचं त्यांना फार वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते गटातल्या बायांसमोर कोणत्या तोंडाने जायचं याचं. गफूरभाई तिथेच चहा पीत बसले होते. ताईंनी त्यांना विचारलं, "भाऊ, तुमी तर समदी गावं फिरले. गोदामाचं कोणी काई इचारलं का?"

गफूरभाईंनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग ताईंकडे.

"ताई, गोदाम कोणतं?"



हल्ली कोणीही उमेदवार आला की मी आधी एकच विचारते. लोकांच्या दारावरून रिक्षा जाईल, तेवढ्यात त्यांना काय ऐकवायचंय? बहुतेक जण लगेच समोरच्याचं नाव घेतात.