बारामतीहून आलेल्या कॉम्प्युटरवाल्या बाई

नव्वदच्या दशकाच्या शेवटी लासुर्ण्याच्या आमच्या घरचा कॉम्प्युटर इतका मंद झाला, की तो चालू होईपर्यंत माणूस चहा पिऊन यायचा. शेवटी बारामतीच्या दुकानातून दुरुस्तीला एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, विशीतल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांनी आधी बांगड्या काढून ओढणीच्या टोकाला बांधल्या, मग कॉम्प्युटरचा डबा उघडला. धूळ फुंकताना डोळे घट्ट मिटायच्या. काम करताना मशीनशी हळूच बोलायच्या, अडलेल्या म्हशीला चुचकारावं तसं.

डिस्क गच्च भरली होती. माझे गेम होते, आणि एका फोल्डरमध्ये रांगोळ्याच रांगोळ्या. दुपारी घरात कुणी नसताना आई माऊसनं त्या काढायची. आम्हाला पत्ताच नव्हता.

आई दारातूनच म्हणाली, "माझ्यामुळंच बिघडलं न्हवं? काढून टाका समदं. मी न्हाय परत हात लावायची."

बाईंनी एकेक रांगोळी उघडून निवांत पाहिली. मग म्हणाल्या, "काकू, दारातली रोज पुसावीच लागती. ह्या तरी ऱ्हाऊ द्या की."

माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "गेम काढू का?" मी मान डोलावली.

कॉम्प्युटर पळायला लागला. चहाचा कप हातात घेऊन त्या आईला म्हणाल्या, "माझा चहा हुईस्तवर एक काढून दावा."

त्या पुन्हा कधी भेटल्या नाहीत. ते मशीनही कधीच भंगारात गेलं. पण पदराला हात पुसून आई त्या खुर्चीत बसली, आणि आम्ही सगळे बघत असताना तिनं पहिला ठिपका दिला, ते अजून दिसतं.