दत्तारामकाकांचा दुसरा फोटो

पेण स्टेशनवर उतरले तेव्हा कॉलेजचा कॅमेरा माझ्या गळ्यात होता आणि मी त्याचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. परभणीकडे गावी फोन करून कोकणात अभ्यासाला चाललेय असं सांगितलं, तर आईनं विचारलं, वर्ग पुण्यात असताना अभ्यास कोकणात कसा काय गेला? मलाही ते नीट सांगता येईना. प्रोजेक्टचा विषय होता नटनट्यांचे फोटो आणि युद्धातले फोटो, या दोहोंची तुलना. ही दोन्ही कामं आयुष्यभर केलेल्या सुधाताई निवृत्त होऊन रोह्याला राहतात, त्यांना भेट, असं सरांनी सांगितलं होतं.

पेणला येऊन गणपती न पाहता पुढे जाऊ नकोस, असं मैत्रिणीनं बजावलं होतं. म्हणून एका कारखान्यात शिरले. फळ्यांवर मूर्तींच्या रांगा लागलेल्या. काही पांढऱ्याफटक, काही रंगवून तयार. मी एका मोठ्या मूर्तीसमोर कॅमेरा उचलला, तर रंगकाम करणाऱ्या काकांनी ब्रशसकट हात आडवा धरला. डोळे आखायचे राहिलेत, तोवर आपण कुणाला फोटो काढू देत नाही, म्हणाले. मी ओशाळून माफी मागितली. त्यांनी हसून डोळे आखलेल्या मूर्ती दाखवल्या आणि वर चहा पाजला. बाहेर पडून पोह्याचे पापड घेतले. एक तिथंच उभ्यानं खाल्ला, तळलेला आणि अजून गरम.

पुढच्या प्रवासात मी वेंधळेपणा केला. खिडकीतून वालाची शेतं बघता बघता डोळा लागला, आणि दचकून जागी झाले ती सरळ कासूला उतरले. गाडी निघून गेल्यावर पाटी वाचली. फलाटावर मी आणि भाजीची टोपली घेतलेल्या एक मावशी, बाकी कुणी नाही. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "रोह्याला जायचा नि कासूला उतरलीस? कुनी बोलावलावता का काय गो?" मग त्याच मला हायवेपर्यंत घेऊन गेल्या, नागोठण्याच्या मिनीडोरमध्ये (सहा आसनी रिक्षा) बसवलं आणि ड्रायव्हरला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. नागोठण्याला अंबा नदी ओलांडली आणि एसटीनं रोह्याला पोचले, तेव्हा ऊन उतरत आलं होतं.

सुधाताईंचं घर कुंडलिकेपासून जवळ आहे. बुटक्या, कापलेले पांढरे केस, आवाज करडा. मी मॅडम म्हटलं तर म्हणाल्या, ताई म्हण, मॅडम ऐकलं की मला कुणीतरी बिल देतंय असं वाटतं. चहाचा कप पुढे करताना त्यांचे हात थरथरत होते. गेल्या काही वर्षांपासून हे असंच आहे, म्हणून कॅमेरा सोडला, असं त्यांनीच सांगून टाकलं.

मी माझा कच्चा लेख वाचून दाखवला. त्यात मी लिहिलं होतं की नटांचे फोटो सजवलेले, म्हणून खोटे. युद्धातले फोटो न सजवलेले, म्हणून खरे. ताईंनी ऐकून घेतलं. नटांबरोबर अर्धा अर्धा दिवस कसा जायचा, कुणाला डावाच गाल हवा असायचा, फोटो धुऊन झाले की ते त्यांच्याकडे पाठवावे लागायचे आणि नको असतील त्यांच्यावर ते लाल फुली कशी मारायचे, हे सगळं त्या हसत सांगत होत्या. मी विचारलं, आणि युद्धात? त्या म्हणाल्या, "तिथं फुली मारायला मी कुणाला दिलंच नाही."

मग त्यांनी एक फोटो काढून दाखवला. सीमेवरच्या लढाईतला. एक तरुण सैनिक खडकाला पाठ लावून बसलाय, तोंड उघडं, डोळे फाटलेले, दोन्ही हातांनी स्वतःचंच डोकं धरलेलं. तो फोटो त्या वेळी पुष्कळ ठिकाणी छापून आला होता. तो सैनिक वाचला. त्यांचं नाव दत्ताराम, आता कोलाडजवळ शेती करतात. त्या दिवसानंतर त्यांनी कुणाला आपला फोटो काढू दिलेला नाही. घरच्या लग्नकार्यांतसुद्धा कॅमेरा दिसला की ते तोंड फिरवतात. त्यांची मुलगी सुजाता, तिचं लग्न माघात ठरलंय, सासर पेणचं. सासरी न्यायला तिला वडिलांचा फोटो हवा आहे, आणि चेहरा धड दिसणारा त्यांचा फोटो उरलाय तो एकच, हा. सुजातानं फोटोखालचं नाव वाचून ताईंना शोधून काढलं होतं आणि सांगितलं होतं, एक तुम्ही काढलात, आता दुसराही तुम्हीच काढा.

"उद्या जायचंय," ताई म्हणाल्या. "बटण तू दाबायचं."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि मिटलं.

सकाळी कोलाडला पोचलो. दत्तारामकाका खळ्यात (घरापुढच्या सारवलेल्या अंगणात) उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, मिशी कातरलेली. ताईंना पाहून त्यांनी नमस्कार केला, ताईंनीही केला, आणि बराच वेळ दोघंही पिकापाण्याबद्दल बोलत राहिले. ताईंनी त्यांना अगदी नटासारखं वागवलं. खुर्ची सावलीत ठेवली, उजेड चेहऱ्यावर उलटून पडावा म्हणून सुजाताला पांढरी चादर धरून उभं केलं, कपाळ चमकतं म्हणून पावडर लावली. काका निमूटपणे लावून घेत होते. कुंपणापलीकडून शेजारी गणपतकाकांनी विचारलं, दत्तू, पिच्चर कवा लागनार?

मी कॅमेरा उचलला. दत्तारामकाकांनी मान वळवली. मुद्दाम नव्हे, अंगावर पाणी उडालं की आपण वळवतो तशी. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. सगळ्या फोटोंत कान आणि गालाचा तुकडा. सुजाता चादर धरून हसत म्हणाली, "बाबा, सासरी काय तुमचा कान नेऊ?" काकाही हसले, पण कॅमेरा वर येताच ते हसू गेलं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा सुजाताही हसली नाही. तिनं चादर खाली केली आणि दुसरीकडे बघू लागली. काकांनी तिच्याकडे पाहिलं. "जमत नाय गो," ते म्हणाले. मी कॅमेरा खाली घेतला. वाटलं, माझ्याऐवजी दुसरं कुणी असतं तर जमलं असतं.

ताई म्हणाल्या, घाई नाही, तुम्ही ‘हां’ म्हणाल तेव्हाच ही बटण दाबेल, नाहीतर आम्ही जेवून घरी जाऊ. काका खुर्चीत सरकून बसले. मग त्यांनी एकदम विचारलं, "बाई, त्या दिवशी तुमी कुठं व्हतात?"

ताईंनी खळ्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "समोरच. दुसऱ्या खडकामागं. या खळ्याएवढं अंतर असेल."

"मी तुमाला बघितलाच नाय," काका म्हणाले. "पेपरात फोटो आला तवा कळला, कुनी तरी मला बघत व्हता."

ताईंनी मान खाली घातली. हात मागे बांधले. काकांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "आता दिसताय," ते म्हणाले. "तशाच उभ्या ऱ्हावा. या पोरीच्या बाजूला."

ताई माझ्या खांद्याला लागून उभ्या राहिल्या. काका त्यांच्याकडे बघत राहिले. मी कॅमेरा उचलला, तरी मान वळली नाही. सुजातानं हळूच चादर उचलली.

"हां," काका म्हणाले. "घे."

त्यानंतर त्यांनी बऱ्याच वेळा ‘हां’ म्हटलं. पुढे पुढे तर हुकूम सोडल्यासारखं. ताईंनी कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि नको ते फोटो कसे पुसायचे हे दाखवलं. काकांनी चष्मा लावला आणि एकेक पुसायला सुरुवात केली. एका फोटोत ते किंचित थकलेले दिसत होते, ओठ नुकतेच काही बोलून मिटलेले. माझ्या मते तोच सगळ्यांत चांगला होता, प्रोजेक्टला तोच हवा होता. काका त्यावर थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हा तुला आवडला?" मी हो म्हटलं. "मला नाय," ते म्हणाले आणि कॅमेरा माझ्याकडे दिला. तो फोटो मी पुसला. बोट जड झालं होतं, पण पुसला. राहिला तो हनुवटी वर, छाती पुढे, मिशीला पीळ आणि कपाळावर पावडर असलेला. हीरोसारखा.

दुपारी गणपतकाकांच्या शेतात पोपटी लावली होती (मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरून, मडकं उपडं घालून भोवती जाळ करतात). शेंगा सोलताना चटके बसत होते. दत्तारामकाका ताईंना सोलून देत होते, कारण त्यांच्या हातांतून दाणे सांडत होते.

संध्याकाळी सुजाता आणि मी रोह्यातल्या स्टुडिओत मोठी प्रत काढायला गेलो. फोटो पडद्यावर आला तेव्हा स्टुडिओवाल्यानं मान तिरकी करून पाहिलं आणि विचारलं, कोन नट हाय काय? सुजातानं प्रत वाळेपर्यंत वाट पाहिली. मग ती हातात घेऊन म्हणाली, "बाप हाय माझा."

दुसऱ्या दिवशी परत निघाले. निघण्यापूर्वी काकांना फोनवर विचारलं होतं, हा फोटो प्रोजेक्टमध्ये लावू का. ते म्हणाले, तो घरातला हाय, तुझ्या डोक्यात ठेव. मग गाडीत बसून कॅमेऱ्यातला तोही पुसून टाकला. पुण्यात येऊन लेख नव्यानं लिहिला. खरं-खोटं काढून टाकलं. आता त्यात एवढंच आहे की नटाला आपल्याकडे कोण बघतंय ते दिसत असतं आणि युद्धातल्या माणसाला दिसत नाही. एवढ्यानं तुलना पुरी होते का, मला माहीत नाही. सरांनी विचारलं, इतक्या लांब जाऊन आलीस, मग फोटो कुठं आहे? मी सांगितलं, सुजाताकडे आहे, माघात पेणला जाईल. त्यांनी जास्त विचारलं नाही. मला मात्र अजून नवल वाटतं. कितीतरी वर्षांनी एक माणूस कॅमेऱ्यासमोर मान न वळवता बसला, आणि त्यानं ‘घे’ म्हटलं तेव्हा बटणावर बोट माझं होतं. हे माझ्या वाट्याला आलं, म्हणून मी काकांची आणि ताईंची ऋणी आहे.