दाजी रस्ता ओलांडतात

सोलापूरचे टॉवेल जगभर जातात ते आमच्या दाजींमुळे, ही गोष्ट जगाला माहीत नाही. दाजींना मात्र पक्की माहीत होती. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नात्याने माझे साडू, पण बायको दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात माल बांधून रवाना करायच्या खात्याचे ते प्रमुख होते. मिसरूड फुटायच्या सुमाराला तिथं गोणपाटात बांधलेल्या मालाच्या गाठी उचलायला लागले ते मिशा पिकेपर्यंत तिथंच राहिले. टॉवेल कोण विणतं, कोण रंगवतं आणि कोण विकत घेतं, या त्यांच्या लेखी किरकोळ बाबी. "विणलं म्हंजे नुसतं कापड," ते म्हणायचे, "गाठ बांधली की त्याचा माल हुतो."

गाठ बांधणं त्यांच्या हातातून घरातही सुटत नसे. मुलगी शिकायला पुण्याला निघाली तेव्हा तिची गादी, उशी आणि हिवाळ्याची रजई त्यांनी गोणपाटात आवळली, दाभणाने शिवली आणि वर काळ्या रंगात 'सोलापूर ते पुणे' आणि 'पाण्यापासून जपा' असं छापूनही टाकलं. वसतिगृहातल्या समस्त मुलींना ती गाठ सोडवता येईना. पोरगी पहिली रात्र मैत्रिणीच्या सतरंजीवर झोपली आणि सकाळी खाणावळीच्या आचाऱ्याने भाजीची सुरी आणून ते प्रकरण मिटवलं. हे कळल्यावर दाजींना मुलीची काळजी वाटली नाही; शिवण कापावी लागली याचं मात्र त्यांना फार वाईट वाटलं. दुसरी सवय झडतीची. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्याची पिशवी बघायची, हे त्यांच्या डोळ्यांत इतकं मुरलेलं की आमच्या सासूबाई त्यांच्याकडे चार दिवस राहून निघाल्या तेव्हा दारातच दाजींनी त्यांची पिशवी उघडून पाहिली. आत अक्कानेच, म्हणजे दाजींच्या बायकोनेच, बांधून दिलेली शेंगाची चटणी होती. ही कुणाला विचारून बाहेर चालली, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. सासूबाई पुढच्या संक्रांतीपर्यंत त्या घराची पायरी चढल्या नाहीत.

सोलापुरात मालक हा शब्द फार स्वस्त आहे. रिक्षावाला गिऱ्हाइकाला मालक म्हणतो, गिऱ्हाईक रिक्षावाल्याला मालक म्हणतं, आणि धक्का लागला तर दोघं एकमेकांना "काय मालक, दिसंना का?" असं विचारतात. दाजींना हे चालत नसे. त्यांना कुणी मालक म्हटलं की ते संकोचून सांगत, "मी न्हवं. मालक अशोक चौकात ऱ्हातेत." अशोक चौकातले मालक म्हणजे त्यांच्या कारखान्याचे, घरात तेलुगू बोलणारे, विणकराच्या घरातून वर आलेले म्हातारे गृहस्थ. त्यांच्यानंतर दाजींच्या मनात दुसरी पक्की जागा होती ती शत्रूची. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर फाटकासमोर, टॉवेलचाच दुसरा कारखाना होता. त्याचं नाव दाजींनी कधी उच्चारलं नाही. ते त्याला 'समोरचे' म्हणत. समोरच्यांकडे पाठ करूनच ते स्कूटर लावत. समोरच्यांचा एक कारकून आमच्या नात्यात लग्नाला आला होता, तर दाजी जेवायची पंगत सोडून उठले आणि घरी येऊन दहीभात खाल्ला.

मग मालकांना अर्धांगाचा झटका आला आणि धाकटे मालक खुर्चीत बसले. हा मुलगा बाहेर शिकून आलेला, बोलायला गोड. त्याने सगळ्यांना शेडमध्ये जमवून पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि आपण सगळे एक कुटुंब आहोत असं सांगितलं. माझा अनुभव असा की कंपनी आपल्याला कुटुंब म्हणायला लागली की माणसाने आपली छत्री आणि डबा जवळ घेऊन बसावं. पुढच्याच महिन्यात माल रवाना करायचं काम टेंभुर्णीला, हमरस्त्यावरच्या एका गोदामवाल्याला देऊन झालं. जुन्या लोकांना शाल घातली, फोटो काढले, आणि इतकी वर्षं तुम्ही राबलात, आता तुम्ही मोकळे, असं धाकटे मालक म्हणाले. दाजींनी घरी येऊन शाल कपाटात ठेवली. सत्कार झाला, एवढंच अक्काला सांगितलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते नेहमीच्या वेळेला निघाले.

आठवडाभराने मला कारखान्याच्या वॉचमनचा फोन आला. मी शाळेत मास्तर. वॉचमनचा मुलगा माझ्या वर्गात होता म्हणून माझा नंबर त्याच्याकडे. त्याची मोठी पंचाईत झाली होती. दाजींना आत सोडायचं नाही असा हुकूम होता आणि त्याला नोकरीला लावलेलं दाजींनीच. त्याने आपल्या केबिनमधली खुर्ची त्यांना दिली होती आणि स्वतः बाहेर उन्हात उभा होता. मी गेलो तेव्हा दाजी त्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या तपासत होते. लोक मुकाट्याने दाखवतही होते. मला बघून ते जरासे ओशाळले. म्हणाले, "नवीन लोकास्नी अडचण नको म्हणून थांबलोय, सर. बसतील रुळावर." मी त्यांच्याजवळ बसलो. डबा त्यांनी उघडलाच नव्हता. मी म्हटलं, घरी जाऊ. ते उठले आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर बसले. दाजी मागं आणि मी पुढं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आमची बैठक बसली. मुलगी पुण्याहून आली होती. शिक्षण सोडून नोकरी धरते म्हणाली, तर अक्काने तिला स्वयंपाकघरात पाठवून दिलं. मी सुचवलं की एखाद्या शाळेच्या बसवर देखरेखीचं काम बघू. दाजी म्हणाले, पोरं काय गाठीसारखी एकावर एक रचता येत नाहीत. आणि याच आठवड्यात समोरच्यांचा निरोप आला. त्यांना माल रवाना करायला जाणता माणूस हवा होता, आणि अनेक वर्षं रस्त्यापलीकडून त्यांनी दाजींचंच काम पाहिलं होतं.

या निरोपाने दाजी जेवढे हादरले तेवढे काढून टाकल्यावरही हादरले नव्हते. गॅलरीत बसून राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं तेव्हा अक्का समोर जाऊन उभी राहिली. अक्का अक्कलकोटकडची, कमी बोलणारी. ती म्हणाली, "त्यांनी काढलं तवा रडला न्हाई. ह्यांनी बोलावलं तर रडायलाव. पोरगीनं शिक्षण सोडल्यावर काय करणार हाव, ते सांगा." एवढं बोलून ती कणीक मळायला गेली. दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, मालकांना विचारल्याशिवाय जमायचं नाही.

अशोक चौकातल्या त्या घरात मालक खिडकीपाशी पलंगावर होते. एक हात निकामी झालेला, बोलणं जड, पण समज शाबूत. दाजी पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि घरातून काहीतरी चोरून नेताना सापडल्यासारखे अडखळत सगळं सांगत गेले. समोरच्यांचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी नुसतं बोटाने हवेत रस्त्याची पलीकडची बाजू दाखवली. मालकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला कोण बोलवंना म्हणून मी बसलोय. तुला बोलवायलेत तर जा की."

दाजींनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. पुढच्या सोमवारी त्यांनी स्कूटर जुन्याच फाटकाजवळ लावली, डबा काखेत घेतला, आणि दोन ट्रक जाऊ दिल्यावर रस्ता ओलांडला. वॉचमन सांगत होता, मधे एकदा थांबले, पण मागं बघितलं नाही. समोरच्यांकडे त्यांनी महिन्याभरात सगळ्यांना बांधलेल्या गाठी सोडून पुन्हा बांधायला लावल्या आणि तिथल्या मॅनेजरचीही पिशवी तपासली. मॅनेजरने तक्रार केली नाही. मुलीचं शेवटचं वर्ष आता पार पडत आलंय.

सुट्टीच्या दिवशी मात्र दाजी न चुकता अशोक चौकात जातात. परवा फराळाचा डबा घेऊन मीही बरोबर गेलो. मालकांचं बरंच विस्मरणात गेलं आहे. मी कोण हे त्यांना कळलं नाही; दाजींचा हात मात्र त्यांनी धरून ठेवला. धाकट्या मालकांनी कारखाना केव्हाच आवरला, माग भंगारात गेले, त्या शेडमध्ये आता कुणाच्या तरी फरश्या ठेवलेल्या असतात. हे त्या घरात कुणी थोरल्या मालकांना सांगितलेलं नाही. मालक म्हणाले, "आपले माग चालू हायत न्हवं?"

"चालू हायत, मालक," दाजी म्हणाले. "दोन्ही पाळ्या."

मालकांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यांना झोप लागेपर्यंत दाजींनी हात काढून घेतला नाही. आम्ही खाली आलो तर दाजी स्कूटरची किल्ली हातात घेऊन नुसतेच उभे. म्हणाले, "खोटं न्हाई बोललो, सर. माग चालूच हायत की, रस्त्याच्या पलीकडं." मी हो म्हटलं. त्यांनी गाडी चालू केली नाही. चौक संपेपर्यंत ती हाताने ढकलत राहिले, आणि मी त्यांच्या बाजूने चालत राहिलो.